बर्फ, चार चाके आणि मेव्हणेबुवा

बर्फाशी आम्हां मराठी माणसांची ओळख गोळेवाल्याच्या गाडीवर होते आणि बहुधा तिथेच संपते. फार तर थंडीच्या दिवसांत एखाद्या सकाळी वर्तमानपत्रात छायाचित्र येते : महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले! ते पाहून आपण घरबसल्या शाल जरा घट्ट लपेटून घेतो. अशा प्रांतातल्या माणसाने बर्फातल्या मोटारींवर लेख लिहावा हे जरा चमत्कारिकच. त्यातून मी मराठीचा प्राध्यापक. मोटारीशी माझा संबंध मागच्या सीटवर बसून खिडकीची काच खालीवर करण्यापुरता. पण २०२३ च्या जानेवारीत मनालीच्या वरच्या अंगाला एका उतारावर मी जी दहा-पंधरा सेकंदे काढली, त्यांनी मला या वयात घर्षणाचे नियम वाचायला लावले. दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच नाताळच्या सुट्टीचे बेत घरोघर सुरू होतात, आणि हल्ली त्यांतले बरेचसे मनालीच्या दिशेने जातात. म्हणून हा खटाटोप.

आमचे मेव्हणेबुवा दिल्लीला नोकरीला असतात. आदल्याच दिवाळीत त्यांनी एक भलीथोरली गाडी घेतली होती, चारही चाकांना इंजिनाची शक्ती पोहोचवणारी. ज्याला सारे जग 'फोर बाय फोर' म्हणते, ती. दिल्लीच्या गुळगुळीत रस्त्यांवर या चार चाकांच्या शक्तीचा उपयोग काय, असे मी एकदा विचारले होते. तेव्हा ते नुसते हसले. "भाऊजी, एकदा मनालीला चला, मग कळेल." सव्वीस जानेवारीच्या सुट्टीला जोडून आम्ही गेलो. मी, सौ., आमची कन्या, आणि सारथ्य करायला मेव्हणेबुवा.

पूर्वी हिवाळ्यात मनालीच्या पलीकडे जाण्याचा प्रश्नच नसे. पलीकडे रोहतांगची खिंड, जवळजवळ १३ हजार फूट उंचीची. ती बर्फाने बंद झाली की लाहौलचे खोरे वर्षातले सुमारे सहा महिने जगापासून तुटलेले. ३ ऑक्टोबर २०२० ला खिंडीखालचा ९ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि सारे चित्र पालटले. लाहौलच्या लोकांची, विशेषतः तिथल्या आजाऱ्यांची आणि बाळंतिणींची केवढी सोय झाली हे सांगायला नको. पण आपल्यासारख्या मैदानी माणसांनाही भर हिवाळ्यात दहा हजार फुटांवर मोटार घेऊन जाण्याची वाट मोकळी झाली. बोगद्याच्या आत सारे कोरडे, दिव्यांच्या झगमगाटात न्हालेले. बर्फ असतो तो दोन्ही तोंडांच्या बाहेर, वळणावळणाच्या उतारांवर.

आम्ही निघालो त्याच्या आदल्या रात्री बर्फ पडला होता. सोलांगच्या अलीकडे पोलिसांनी रस्ता अडवला होता. साध्या गाड्या परत पाठवत होते. पुढे सोडत होते ते फक्त फोर बाय फोर आणि चाकांना साखळ्या बांधलेल्या गाड्यांना. मेव्हणेबुवांनी काच खाली करून आपल्या गाडीची जात सांगितली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आले, ते मी त्यांच्या लग्नातही पाहिले नव्हते.

आणि खरे सांगायचे तर गाडीने चढ फार सुरेख चढला. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. साध्या मोटारीत इंजिनाची शक्ती पुढच्या किंवा मागच्या दोनच चाकांना मिळते. म्हणजे गाडी पुढे ढकलायला त्या दोन चाकांवरच्या वजनाचीच काय ती पकड मिळणार. उरलेली दोन चाके नुसती फरफटत येणार. त्यातही डिफरन्शियल म्हणून जी दातेरी चाकांची योजना असते, ती शक्ती दोन्ही बाजूंना सारखी वाटते. एरवी वळणावर ही योजना फार उपयोगी. पण एक चाक बर्फावर गेले की ते रिकामे गरगरत राहते, आणि कोरड्या जमिनीवर उभे असलेले दुसरे चाकही त्याच्यामुळे पंगू होते. चारही चाकांना शक्ती मिळाली की गाडीचे सगळे वजन कामाला लागते. म्हणूनच जिथे साधी मोटार जागच्या जागी भिरभिरते, तिथून फोर बाय फोर संथपणे निघून जाते. दुसऱ्या महायुद्धात जीप गाडीने जे नाव कमावले ते याच गुणावर.

पलीकडे सिस्सूला आम्ही दुपार घालवली. कन्येने बर्फाचा माणूस केला, सौ.ने त्याला माझी मफलर गुंडाळली, आणि चहाच्या टपरीवरच्या बाईने दोनदा बजावले की ऊन आहे तोवर खाली उतरा. मेव्हणेबुवा म्हणाले, "आपल्याला काय घाई? आपली गाडी फोर बाय फोर आहे." आम्ही आणखी एकेक कप चहा घेतला.

बोगद्यातून अलीकडे आलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते. ऊन डोंगराआड गेले होते. दिवसभर शेकडो चाकांखाली चेंगरून वितळलेला बर्फ आता पुन्हा गोठू लागला होता आणि रस्त्यावर काचेसारखा पातळ थर धरला होता. तो दिसत नाही, हीच त्याची खुबी. रस्ता नुसता ओला वाटतो. धुंदीच्या बाजूला उतरताना पुढे एक वळण होते, वळणावर दोन गाड्या थांबलेल्या होत्या. मेव्हणेबुवांनी हळूच ब्रेक दाबला.

गाडी थांबली नाही.

वेग असा नव्हताच. माणूस भरभर चालेल इतका. ब्रेकखाली कडकड आवाज येऊ लागला, पेडल थरथरू लागले, आणि गाडी आपल्याच ठेक्यात, अगदी शांतपणे, तिरपी होत दरीच्या बाजूला सरकू लागली. कोणी ओरडले नाही. कन्येने माझा हात धरला एवढेच आठवते. तेवढ्यात रस्त्याच्या कडेला उभा असलेला एक टॅक्सीवाला धावत आला आणि काचेवर थापा मारत ओरडला, "ब्रेक छोडो! ब्रेक छोडो! पहाड की तरफ!" ब्रेक सोडायचा, आणि तोही घसरत्या गाडीत! मेव्हणेबुवांनी ते ऐकले हे आमचे नशीब. ब्रेक सुटला, चाके फिरू लागली, स्टिअरिंगला पुन्हा धनी भेटला, आणि गाडी डोंगराच्या बाजूला वळून तिथल्या बर्फाच्या ढिगात नाक खुपसून थांबली.

मागाहून मी या प्रकाराचा हिशोब मांडला. गाडी चालवायची असते तेव्हा शक्ती दोन चाकांना आहे की चार, याने फरक पडतो. थांबवायची असते तेव्हा पडत नाही, कारण ब्रेक प्रत्येक मोटारीला चारही चाकांना असतातच! तिथे कामाला येते ती फक्त टायर आणि रस्ता यांची पकड. ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून नऊ-दहा मीटरांत थांबते. दाबलेल्या बर्फावर तिला तीस मीटर लागतात, आणि गुळगुळीत गोठलेल्या थरावर साठांहून अधिक. हे सपाटीवर. अशा थराची पकड वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकी धरली, तर दहा फुटांत एक फूट उतरणाऱ्या रस्त्यावर गाडी थांबतच नाही. "पण आपली गाडी जड आहे, घट्ट बसेल," असे मेव्हणेबुवा म्हणत. तेही खरे नव्हे. वजनाबरोबर पकड वाढते हे खरे, पण थांबवायचे ओझेही तितकेच वाढते. हिशोब जिथल्या तिथे.

आणखी एक बाब मला जास्त भयंकर वाटते. साध्या गाडीची चाके चढावर गरगरू लागली की माणूस ओळखतो, रस्ता निसरडा आहे, परत फिरावे. चार चाकांची गाडी ही सूचना देतच नाही. ती मुकाट्याने वर घेऊन जाते, आणि रस्ता कसा आहे हे पहिल्यांदा कळते ते उतारावर, ब्रेक दाबल्यानंतर.

त्या टॅक्सीवाल्याची स्वतःची गाडी त्याच उतारावर उभी होती. एक छोटी जुनी ऑल्टो, शक्ती फक्त पुढच्या दोन चाकांना. पण त्या चाकांना लोखंडी साखळ्या बांधलेल्या होत्या आणि ती खुंटीला बांधलेल्या शेळीसारखी जागच्या जागी स्थिर होती. साखळीचे दुवे बर्फात रुततात, एवढीच तिची विद्या. १९०४ साली हॅरी वीड या अमेरिकन गृहस्थाने चाकांच्या साखळ्यांचे पेटंट घेतले, तेव्हापासून त्यात मूलतः फारसा फरक पडलेला नाही.

त्याने आम्हां तिघांना ऑल्टोत बसायला सांगितले. खरा पेच इथे आला. मेव्हणेबुवा गाडी सोडायला तयार होईनात. एवढी किमतीची वस्तू रात्रभर डोंगरात टाकून यायची? "हळूहळू उतरवतो, लो गिअर लावतो, तुम्ही व्हा पुढे." लो गिअरने इंजिनच गाडीला मागे धरते आणि ब्रेकची गरज कमी पडते, हे खरेच आहे. टॅक्सीवालाही म्हणाला, दिवसा मऊ बर्फावर तेच करतात. आता या वेळी नाही. तरी यांचा हात किल्लीवरून हलेना. शेवटी सौ. ऑल्टोतून उतरली, त्या थंडीत त्यांच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अरे, आईला मी फोन करून काय सांगू?" बस, एवढेच. ते उतरले. गाडी डोंगराकडेला, चाके भिंतीकडे वळवून ठेवली आणि आम्ही पाचजण त्या इवल्या ऑल्टोत कोंबून खाली आलो. साखळ्यांचा खळखळाट मनालीपर्यंत सोबतीला होता. टॅक्सीवाल्याने ठरलेल्या भाड्याहून एक रुपया जास्त घेतला नाही. दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर त्यानेच मेव्हणेबुवांना वर नेले, भाड्याच्या साखळ्या बांधून दिल्या आणि गाडी खाली आणली.

पुढे डिसेंबर २०२४ मध्ये सोलांग आणि बोगद्याच्या दरम्यान सुमारे हजार गाड्या बर्फात अडकल्याच्या बातम्या आल्या. उतारावरून घसरणाऱ्या गाड्यांची चित्रे घरोघर पाहिली गेली. आमच्या घरात मात्र ती कोणी पुन्हा लावली नाहीत.

माझा एक जुना विद्यार्थी मॉन्ट्रियलला असतो. त्याला हा प्रसंग कळवला तेव्हा त्याने उलट विचारले, "सर, टायर कोणते होते?" टायर साधे, उन्हाळी. त्यांचे रबर सात अंशांच्या खाली कडक होऊ लागते आणि पकड सोडते. त्याच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. गाडी दोन चाकांनी चालते की चारांनी, असा भेद तो कायदा करत नाही. चार चाकांची शक्ती आणि हिवाळी टायर दोन्ही असतील तर मात्र सोन्याहून पिवळे, असे त्याने लिहिले. आपल्याकडे हिवाळी टायर कोण ठेवणार? दिल्लीकराला वर्षातून चार दिवसांसाठी ते परवडतही नाहीत. राहिल्या साखळ्या.

मेव्हणेबुवांनी त्या वर्षीच चारही चाकांच्या साखळ्या विकत घेतल्या. बर्फात बोटे बधिर झालेली असताना त्या बांधायच्या तर सराव हवा, म्हणून त्यांनी तो केला. दिल्लीत, मे महिन्यात, आपल्या सोसायटीच्या अंगणात, घामाने न्हाऊन. शेजारच्या सरदारजींनी गॅलरीतून अर्धा तास हे पाहिले आणि मग खाली येऊन, काही न विचारता, लिंबू सरबताचा पेला पुढे केला. आता साखळी बांधायला त्यांना वीस मिनिटे लागतात. पहिल्या वेळी दोन तास लागले होते.