रिपोर्टातली नेमकी कोणती ओळ वाचायची?

मेंदूच्या गाठीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट हाती पडला की घरच्यांची नजर बहुधा एका टक्केवारीवर जाऊन थांबते. केआय-६७, इतके टक्के. विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशींत हे प्रथिन सापडतं. त्याची ओळख १९८३ साली जर्मनीतल्या कील शहरात पटली. आकडा मोठा, म्हणजे गाठ वेगाने वाढतेय, इतपत खरं. पण ग्लायोब्लास्टोमाचं निदान एकदा पक्कं झालं की रुग्णाच्या हाती किती काळ आहे, हे त्या आकड्यावरून भरवशाने सांगता येत नाही. त्याचा अंदाज देणाऱ्या ओळी त्याच कागदावर दुसरीकडे असतात आणि त्या वाचायला कंटाळवाण्या असतात.

प्रौढांच्या मेंदूतच सुरू होणाऱ्या कर्करोगांत ग्लायोब्लास्टोमा सर्वाधिक आढळतो. अमेरिकेचे सिनेटर जॉन मॅकेन यांना जुलै २०१७ मध्ये त्याचं निदान झालं; ऑगस्ट २०१८ मध्ये ते गेले. शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड हा आजचा उपचार २००५ साली प्रसिद्ध झालेल्या युरोप-कॅनडातल्या चाचणीवर उभा आहे. ५७३ रुग्णांपैकी ज्यांना फक्त रेडिएशन मिळालं, त्यांच्यातले निम्मे १२.१ महिन्यांपलीकडे जगले. औषधाची जोड मिळालेल्यांत हा काळ १४.६ महिने झाला. अवघे अडीच महिने! पण दोन वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण मात्र १० टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर गेलं होतं. म्हणजे औषध काहींना भरपूर उपयोगी पडत होतं आणि बाकीच्यांना जवळपास नाहीच.

हे ‘काही’ कोण, याचं उत्तर एमजीएमटी नावाच्या प्रथिनात मिळालं. टेमोझोलोमाइड गाठीच्या पेशींचा डीएनए बिघडवतं आणि एमजीएमटी तो बिघाड दुरुस्त करतं. ज्या गाठींत या प्रथिनाच्या जनुकाला मिथाइल रेणूंनी कुलूप घातलेलं असतं, तिथे दुरुस्ती थंडावते. त्याच चाचणीतल्या २०६ गाठी तपासल्या, तेव्हा औषध घेतलेल्यांत कुलूपबंद जनुकवाल्यांच्या जगण्याचा मध्यक २१.७ महिने निघाला, इतरांचा १२.७.

मग स्लाइडवर प्रथिनच रंगवून का बघू नये? बघितलं गेलं, पण पटण्यासारखं हाती आलं नाही. गाठीतल्या रक्तवाहिन्या आणि प्रतिकारक पेशीही एमजीएमटी बनवतात, शिवाय ‘किती रंग म्हणजे जास्त’ हे प्रत्येक प्रयोगशाळेत वेगळं ठरतं. म्हणून आता प्रथिनाऐवजी जनुकावरचं कुलूपच तपासतात.

आयडीएच-१ या प्रथिनाची कथा याच्या नेमकी उलटी. इथे रंगानेच बाजी मारली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये २२ गाठींची जनुकं उलगडली, तेव्हा या प्रथिनातल्या १३२ क्रमांकाच्या जागी बदल दिसला. असा बदल असलेले रुग्ण वयाने लहान होते आणि जास्त जगत होते. पुढे हायडेलबर्गमध्ये नेमकं हे बदललेलं प्रथिन पकडणारी अँटीबॉडी तयार झाली आणि साध्या स्लाइडवर तपकिरी रंगात उत्तर दिसू लागलं. परिणाम इतका खोल झाला की २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात हा बदल असलेल्या गाठीला ग्लायोब्लास्टोमा म्हणणंच थांबलं. आता ती ‘आयडीएच-म्युटंट अ‍ॅस्ट्रोसायटोमा’, श्रेणी चार. रंग उमटला नाही आणि रुग्ण पंचावन्नच्या पुढचा असला, तर बहुधा प्रश्न तिथेच मिटतो. तरुण रुग्णात मात्र जनुकचाचणी करावी लागते, कारण या अँटीबॉडीला आयडीएचमधला एकच, सर्वाधिक आढळणारा बदल ओळखता येतो.

एखादं प्रथिन गाठीत दिसलं म्हणजे ते औषधाचं लक्ष्य होईलच असं नाही. ईजीएफआरव्ही-थ्री हे बिघडलेलं प्रथिन निरोगी मेंदूत नसतं, म्हणून त्याच्याविरुद्ध रिंडोपेपिमट ही लस बनवली. ७४५ रुग्णांची चाचणी २०१६ मध्ये थांबवावी लागली. आयुष्य वाढलं नाही. उलटून आलेल्या गाठी तपासल्या, तर निम्म्याहून अधिक गाठींतून ते प्रथिन नाहीसं झालं होतं, अगदी लस न मिळालेल्यांतही. त्यामुळे अशा लक्ष्यावरचं औषध पुन्हा उद्भवलेल्या गाठीला द्यायचं, तर पहिल्या शस्त्रक्रियेतला जपून ठेवलेला जुना तुकडा पुरत नाही; शक्य असेल तिथे नव्याने तुकडा काढून तपासावा लागतो.