पाय काढला की गाडी थांबते, ती कशामुळे?

मे महिन्यात नाहीतर गणपतीला मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांच्या सामानात हल्ली एक मोठा खोका असतो. त्यातून निघते पोराने आत बसून चालवायची बॅटरीची मोटारगाडी. चाकं बसवली, बॅटरी चार्ज केली की दुसऱ्या दिवशी ती खळ्यात फिरू लागते. दिवे लागतात का, हॉर्न वाजतो का, गाणी लागतात का, हे सगळे बघतात. ब्रेकची चौकशी कोणी करत नाही, आणि केलीच तर उत्तर ठरलेलं असतं: "खेळण्यातल्या गाडीला कसला आलाय ब्रेक? पाय काढला की थांबते."

थांबते हे खरं. पण ती आपोआप थांबत नाही, तिला थांबवलं जातं. बहुतेक गाड्यांत पायाखाली एकच पॅडल असतं आणि त्याच्या पोटात एक छोटा स्विच. पॅडल दाबलं की बॅटरी मोटरीला जोडली जाते. सोडलं की हा स्विच बॅटरी तोडतो आणि त्याच क्षणी मोटरीची दोन्ही टोकं एकमेकांना जोडतो. चाकं अजून फिरत असतात, त्यामुळे मोटरही फिरत असते. फिरणारी मोटर वीज तयार करते. ती वीज मोटरीच्याच गुंडाळीतून वाहते आणि मोटरीला उलटा जोर लावते. गाडी थांबते ती या जोराने. म्हणून बॅटरी उतरली तरी साध्या पॅडलच्या गाडीचा ब्रेक शाबूत असतो, कारण त्याला बॅटरी लागतच नाही.

इथूनच सगळ्यात घातक गैरसमज सुरू होतो: "गाडी चालतेय ना, मग ब्रेकही ठीक असणार." त्या छोट्या स्विचमध्ये संपर्काच्या दोन जागा असतात, एक चालवण्याची आणि एक थांबवण्याची. पहिली धड असून दुसरी निकामी होऊ शकते. तशी झाली की गाडी नव्यासारखी पळते, पण पाय काढल्यावर घरंगळत जाते. मोठ्यांना वाटतं, पोरगा पाय उशिरा काढतोय.

आमच्या जामसंडे गावात हे घडायला कारणही हाताशी आहे. ज्या वाऱ्याच्या भरवशावर इथे पवनचक्क्या उभ्या राहिल्या तोच वारा समुद्राचा खार घरात आणतो. खिडकीच्या गजांना गंज चढतो, सायकलची साखळी लाल होते, तसंच या स्विचचंही होतं. पॅडलचे स्क्रू काढून झाकण उचललं तर आत तांबड्या मातीची भुकटी दिसते आणि तारांच्या पितळी टोकांवर हिरवट थर दिसतो. पावसाळाभर गाडी पडवीत पडून राहिली असेल तर हा थर जाडच असतो. तारेचं टोक बोटांनी हलवून बघावं. सैल झालं असेल, काळं पडलं असेल किंवा प्लास्टिक वितळल्यासारखं दिसत असेल, तर घासूनपुसून भागवू नये. स्विच बदलावा.

तपासणीसाठी मेकॅनिक लागत नाही. मूल खाली उतरवा, गाडीचा मागचा भाग उचलून चाकं अधांतरी धरा आणि एक चाक हाताने फिरवा. गिअरमुळे ते थोडं जड लागतंच, पण ब्रेक चांगला असेल तर चटकन जाणवेल इतका विरोध होतो, आणि जितक्या जोरात फिरवाल तितका तो वाढतो. मग दुसरं चाक बघा. बऱ्याच गाड्यांत मागच्या दोन्ही चाकांना वेगळी मोटर असते. एक जड आणि एक हलकं लागलं तर हलक्या बाजूचा गिअर झिजला आहे, किंवा मोटर चाकाला जिथे अडकते ती प्लास्टिकची खाच गुळगुळीत झाली आहे. अशी गाडी थांबताना एका बाजूला ओढते. गाडी नवी असतानाच एकदा हे करून ठेवावं, म्हणजे पुढे फरक हाताला कळतो.

आता उताराचं. "पाय काढला की थांबते" हे वाक्य सपाट जमिनीपुरतंच खरं आहे, आणि आपल्याकडे सपाट जमीन असते किती? सड्यावरचं घर सोडलं तर खळ्याच्या गडग्यापलीकडे पाणंद उतरणीलाच लागते. मोटर फिरली तरच तिच्यात वीज तयार होते आणि वीज तयार झाली तरच ती अडवते. पूर्ण थांबलेल्या मोटरीकडे अडवायला जोरच उरत नाही. त्यामुळे उतारावर गाडीचा वेग कमी होतो, पण ती सरकत राहते. अगदी सौम्य उतारावर गिअरचं घर्षण तिला धरून ठेवेलही. घाटीवर मुळीच नाही. काही गाड्यांत पुढे-मागे करायच्या खटक्याला मधली जागा असते. मूल खेळता खेळता खटका मध्ये आणतं, मोटरीची जोडणी सुटते आणि होता तेवढाही ब्रेक जातो. उतारावर हे झालं तर गाडी मोकळी सुटते.

खेळण्यांच्या युरोपीय मानकात, म्हणजे ईएन ७१ मध्ये, वेगळा ब्रेक असलेल्या गाडीची चाचणी १० अंशांच्या उतारावर घेतात. गाडीवर ५० किलो वजन ठेवून ब्रेक लावतात, आणि ती ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकता कामा नये. १० अंश म्हणजे १० मीटरला पावणेदोन मीटरची उतरण. आपल्या कित्येक घाट्या याहून तीव्र आहेत. त्यात पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं. मोटरीने चाक अडवलं तरी कडक प्लास्टिकचं चाक शेवाळावरून घसरतच जातं, आणि त्यावर कुठलीही देखभाल चालत नाही. खळ्याचं तोंड उतरणीकडे असेल तर तिथे आडवी फळी किंवा चिऱ्यांची एक ओळ लावावी. खेळ संपला की चाकाखाली दगड घालावा.

"करकर वाजतंय, जरा खोबरेल सोड." हा सल्ला बहुतेक घरांत मिळतो. चाकाच्या लोखंडी दांड्याला तेल चालेल, पण ते स्विचपाशी गेलं की त्यावर धूळ चिकटते. पायाने फिरवायच्या काही गाड्यांना हाताने ओढायचा ब्रेक असतो आणि त्याचा रबरी तुकडा चाकावर दाबला जातो. तिथे तेलाचा थेंब लागला तर ब्रेक गेलाच. तो रबर आणि चाक दोन्ही ओल्या फडक्याने पुसून वाळवायचं, एवढंच. पेट्रोलने पुसू नये, काही प्लास्टिकला त्याने तडे जातात.

रिमोट आपल्या हातात आहे म्हणून निर्धास्त राहणारेही पुष्कळ. रिमोटमध्ये वेगळा ब्रेक नसतो. तो त्याच मोटरींना थांबायला सांगतो, आणि त्याचे सेल उतरले की तेही सांगत नाही. गाडीचा वेग वाढवायला सहा व्होल्टच्या जागी बारा व्होल्टची बॅटरी लावणं हा त्याहून वाईट उद्योग. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, आणि तिचा ताण त्याच छोट्या स्विचवर आणि गिअरच्या प्लास्टिकच्या दातांवर येतो. सोबत धाकट्या भावंडालाही बसवलं तर आणखी भर.

१ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, आणि विजेवरच्या खेळण्यांना आयएस १५६४४ हे मानक लागू होतं. यात्रेत, जत्रेत घेतानाही ते चिन्ह बघूनच घ्यावं. मात्र मानकाची चाचणी नव्या नमुन्यावर होते. दोन पावसाळे काढलेल्या गाडीबद्दल ते चिन्ह काही सांगत नाही.

स्विच बदलायची वेळ आली तर इलेक्ट्रिकच्या दुकानात एकच गोष्ट पाहून घ्या: तीन टोकांचा स्विच मागा. घंटीच्या बटणासारखा दोन टोकांचा स्विच बसवूनही गाडी झकास चालते, आणि दुरुस्त करणाऱ्यालाही काम झालं असं वाटतं. पण मोटरीची टोकं जोडणारं तिसरं टोकच त्यात नसतं. स्विच बसवून झाला की मूल बसण्याआधी चाकं पुन्हा उचलून हाताने फिरवून बघा. विरोध जाणवला नाही तर गाडी तशीच परत द्या.