अब्जांश तंत्रज्ञानाच्या जाळ्यात तज्ज्ञांचे स्थान

एका मीटरचे १०० कोटी समान भाग कल्पिले, तर त्यांपैकी एका भागास नॅनोमीटर म्हणतात. माणसाच्या डोक्याचा केस सर्वसाधारणपणे ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो, यावरून या मापाची कल्पना यावी. १ ते १०० नॅनोमीटर या मर्यादेत पदार्थ आपले नेहमीचे गुणधर्म सोडू लागतात. सोन्याचे दहा-वीस नॅनोमीटरचे कण पाण्यात विखुरले, तर ते पाणी पिवळे न दिसता माणकासारखे लाल दिसते. इतक्या सूक्ष्म मापावर पदार्थ घडविण्याच्या विद्येस नॅनो तंत्रज्ञान अथवा अब्जांश तंत्रज्ञान म्हणतात.

ही विद्या खर्चाची आहे. हवेतील धुळीचा एक कण अशा शेकडो रचना गाडून टाकू शकतो. त्यामुळे गाळलेल्या हवेचा ‘स्वच्छ कक्ष’ उभारावा लागतो व आत जाणाऱ्यास डोक्यापासून पायापर्यंत झाकून घ्यावे लागते. कक्षाच्या काही भागात केवळ पिवळा प्रकाश ठेवतात. कारण सिलिकॉनच्या चकतीवर दिलेला प्रकाशग्राही लेप निळ्या प्रकाशाने बिघडतो. एकेका यंत्राची किंमत कोटींच्या घरात जाते. प्रत्येक विद्यापीठाने असा कक्ष उभारावा ही अपेक्षा करणे व्यर्थ होय.

यावर सामाईक केंद्राचा मार्ग निघाला. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात १९७७ साली अशा प्रकारचे केंद्र सुरू झाले व बाहेरच्या संशोधकांना तेथे काम करण्याची मुभा मिळाली. आपल्याकडे केंद्र शासनाच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने २००६ साली मुंबईच्या आयआयटीत व बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची उत्कृष्टता केंद्रे स्थापन झाली. त्यांची दारे इतर महाविद्यालयांतील प्राध्यापक व विद्यार्थी यांना खुली करण्यासाठी २००८ साली ‘इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स यूजर्स प्रोग्रॅम’ हाती घेण्यात आला. पुढील टप्प्यात दिल्ली, मद्रास, खरगपूर व गुवाहाटी येथील आयआयटी त्यात सामील झाल्या. प्रथम ओळख करून देणारी कार्यशाळा, मग प्रत्यक्ष यंत्रावरील प्रशिक्षण आणि त्यानंतर स्वतःचा संशोधन प्रकल्प, असा हा क्रम आहे.

परंतु यंत्रे खुली केली म्हणजे जाळे तयार झाले, असे नव्हे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एखाद्या प्राध्यापकाने वायुसंवेदक बनविण्याचा प्रस्ताव पाठविला, अशी कल्पना करू. त्याची कल्पना चांगली असते. पण त्याच्या नमुन्यावर सोन्याचा पातळ थर आहे. तो नमुना सिलिकॉनच्या भट्टीत जाऊ शकतो काय? ज्या भट्टीत ट्रान्झिस्टर घडविले जातात, तीत तो कदापि जाऊ देत नाहीत. सोने आणि तांबे ही दोन्ही उच्च तापमानास सिलिकॉनमध्ये वेगाने पसरतात व त्याचे विद्युत् गुण नासवितात. एका पाहुण्याच्या नमुन्यामुळे दहा जणांचे महिनोन् महिन्यांचे काम फुकट जाण्याचा धोका असतो. येथे तज्ज्ञ सल्लागार ‘नाही’ म्हणतो. पण एवढ्यावर न थांबता सोन्याचा थर भट्टीतील काम आटोपल्यावर चढवावा, किंवा सोन्यासाठी राखून ठेवलेले वेगळे यंत्र वापरावे, हा पर्यायही तोच सुचवितो. प्रस्ताव नाकारणे व प्रस्ताव सुधारणे यांतील अंतर येथे स्पष्ट होते.

सुरक्षिततेचा प्रश्नही असाच आहे. सिलिकॉन ऑक्साइडचा थर काढण्यासाठी हायड्रोफ्लुओरिक आम्ल वापरतात. ते सौम्य असेल तर अंगावर पडल्याचे पुष्कळदा लगेच कळतही नाही. वेदना काही तासांनी सुरू होतात व तोवर ते आत शिरून शरीरातील कॅल्शियम बांधून टाकते. कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम जवळ ठेवल्याविना या आम्लाला हात लावू नये, हे नवख्यास कोणी तरी शेजारी उभे राहून सांगावे लागते. समितीच्या बैठकीत बसणाऱ्या तज्ज्ञापेक्षा यंत्राजवळ उभा राहणारा तज्ज्ञ अधिक उपयोगी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे; अनुदानाच्या आराखड्यात मात्र यंत्राची रक्कम ठळक दिसते व या माणसाचे वेतन शेवटच्या ओळीत जाते.

समित्यांचे कार्य निराळे आहे. देशात २००१ साली सुरू झालेल्या नॅनो विज्ञान उपक्रमाचे २००७ साली ‘नॅनो मिशन’मध्ये रूपांतर झाले व त्यासाठी पाच वर्षांकरिता १,००० कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. प्रा. सी. एन. आर. राव यांच्या अध्यक्षतेखालील परिषदेच्या साहाय्यास दोन सल्लागार गट होते: एक विज्ञानासाठी, दुसरा उपयोजनासाठी. ही विभागणी योग्यच म्हटली पाहिजे. एखादा कण प्रयोगशाळेत तयार होतो काय, हा एक प्रश्न. तो शेतात वा दवाखान्यात उपयोगी पडतो काय, हा सर्वस्वी दुसरा.

दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व नॅनो युरियावरून ध्यानात येईल. फेब्रुवारी २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात समाविष्ट झालेल्या या द्रवात त्या वेळी ४ टक्के नत्र होते. ५०० मिलिलिटरची बाटली ४५ किलोच्या युरियाच्या गोणीऐवजी चालेल, असे सांगितले गेले. हिशेब केला तर बाटलीत सुमारे २० ग्रॅम नत्र भरते, गोणीत २० किलोहून अधिक. सूक्ष्म कण पानांतून शोषले जात असल्याने थोडक्यात काम भागते, असे उत्पादकांचे म्हणणे. सुमारे ११ हजार शेतांवरील चाचण्यांत सरासरी ८ टक्के उत्पादनवाढ दिसल्याचा त्यांचा दावा आहे. उलट, लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या प्रयोगांत, नत्राच्या शिफारशीत मात्रेच्या तुलनेत, गव्हाचे उत्पादन २१.६ टक्क्यांनी व भाताचे १३ टक्क्यांनी घटल्याचे आढळले.

अशा उत्पादनांच्या मूल्यमापनासाठी केंद्र शासनाने जुलै २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली होती. कणाचा आकार सूक्ष्मदर्शकाखाली मोजणारे तज्ज्ञ पवईत मिळतील. तो कण ज्वारीच्या वा कापसाच्या पानात किती उतरला आणि त्याचे दाण्यात वा बोंडात काय झाले, हे मात्र राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांच्या प्रक्षेत्रांवर अनेक हंगाम तपासावे लागते. नॅनो तंत्रज्ञानाच्या कोणत्याही प्रादेशिक सल्लागार मंडळात पदार्थविज्ञान व रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांशेजारी मृदाशास्त्रज्ञाची खुर्ची आहे की नाही, हे प्रथम पाहावयास हवे.