अश्वगंधेतील रेणू आणि त्याच्या लक्ष्याचा शोध

प्रस्तावना

अहिल्यानगर जिल्ह्यातील पडीक जमिनीवर किंवा बांधाच्या कडेला आस्कंदाचे झुडूप तुम्ही पाहिले असेल. कागदी पिशवीसारख्या वेष्टनात नारिंगी-लाल फळ धरणारी हीच वनस्पती आयुर्वेदातील अश्वगंधा होय. आयुर्वेदाने तिचे गुण वर्णिले. आधुनिक रसायनशास्त्राने तिच्या पानांतून ‘विदाफेरिन ए’ हा रेणू वेगळा केला. पेशीत शिरल्यावर हा रेणू कोणत्या प्रथिनाशी बांधला जातो, हे मात्र त्याच्या रचनेवरून कळत नाही. असे प्रथिन, म्हणजेच रेणूचे ‘लक्ष्य’, शोधण्याची पद्धत आपण येथे समजून घेऊ.

लक्ष्य का शोधावयाचे?

औषधाचा परिणाम दिसला म्हणजे त्याचे कारण उमगले, असे नव्हे. थॅलिडोमाइड हे औषध १९५७ साली पश्चिम जर्मनीत विक्रीस आले. गरोदर स्त्रियांनी ते मळमळीवर घेतले आणि हजारो बालके हातापायांच्या व्यंगांसह जन्मास आली. १९६१ मध्ये तेथे ते मागे घेण्यात आले. परंतु ते सेरेब्लॉन या प्रथिनाशी बांधले जाते, हे जपानी संशोधकांनी २०१० मध्ये दाखविले. अपाय ज्ञात असूनही त्याचे मूळ जवळजवळ अर्धशतक अज्ञात राहिले.

शोधक रेणूची रचना व कार्य

पेशीत हजारो प्रकारची प्रथिने असतात. त्यांतील नेमके प्रथिन वेगळे काढण्यासाठी ‘शोधक रेणू’ तयार करतात. त्याचे तीन भाग असतात : मूळ रेणू, जोडणारी साखळी आणि बायोटिन हे जीवनसत्त्व. मूळ रेणू हे आमिष, साखळी ही दोरी आणि बायोटिन ही गळाची काठी, असे समजा. बायोटिनला स्ट्रेप्टॅव्हिडिन हे प्रथिन अत्यंत घट्ट धरून ठेवते. म्हणून स्ट्रेप्टॅव्हिडिन लावलेले सूक्ष्म मणी पेशींच्या द्रावात मिसळले, की शोधक आणि त्याला चिकटलेली प्रथिने मण्यांवर अडकतात. बाकीचे धुऊन टाकतात व उरलेल्या प्रथिनांची ओळख वस्तुमान मोजणाऱ्या उपकरणाने पटवितात.

पुराव्याची कसोटी

गळाला लागलेला प्रत्येक मासा हवा तोच असतो, असे नाही. पेशीत विपुल असलेली प्रथिने सहजच चिकटतात. म्हणून तीन गोष्टी तपासतात.

१. बायोटिन जोडल्यानंतरही रेणूचा मूळ परिणाम टिकून आहे काय?

२. पेशींना आधी बायोटिनविरहित मूळ रेणू भरपूर दिला, तर ते प्रथिन मण्यांवर येणे थांबते काय? खऱ्या लक्ष्याची जागा आधीच व्यापली गेल्याने ते थांबावयास हवे.

३. ते प्रथिनच नसेल, तर रेणूचा परिणाम घटतो काय?

अमेरिकेतील संशोधकांनी २००७ मध्ये विदाफेरिन ए हा रेणू पेशीच्या सांगाड्यातील व्हिमेंटिन या प्रथिनाच्या सिस्टीन या घटकाशी रासायनिक बंधाने जोडला जातो, असे दाखविले. हा रेणू उंदरांच्या डोळ्यातील पारपटलावर नव्या केशवाहिन्यांची वाढ रोखतो. व्हिमेंटिन नसलेल्या उंदरांत मात्र हा परिणाम उणावला. ही तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची, कारण चिकटणे आणि कारण असणे यांतील भेद तीच स्पष्ट करते.

तथापि विदाफेरिन ए इतरही काही प्रथिनांशी बांधला जातो. शिवाय शुद्ध रेणूवरील प्रयोग म्हणजे अश्वगंधा चूर्णाने रोग बरा होतो याचा पुरावा नव्हे. जाहिरात वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा.

समारोप

परंपरेने गुण नोंदविला, रसायनशास्त्राने रेणू दिला. त्या दोहोंमधला दुवा शोधक रेणूने हाती येतो. परंतु तो दुवा कसोटीवर उतरल्यावरच स्वीकारावा.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. शोधक रेणूचे तीन भाग सांगून प्रत्येकाचे कार्य लिहा.

२. ‘चिकटणे म्हणजे कारण असणे नव्हे’ हे विधान व्हिमेंटिनच्या उदाहरणाने स्पष्ट करा.