विश्लेषण : जपानी कुटुंबात राहणाऱ्या विद्यार्थ्याचा मोकळा वेळ नेमका कुणाचा?

कॉलेज सुटल्यावर पार्ट-टाइम नोकरी, क्लब, भटकंती की घरच्यांसोबत जेवण? जपानमध्ये ‘होस्ट फॅमिली’कडे राहणाऱ्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न रोज सोडवावा लागतो. नियम काय सांगतात आणि घरचे काय अपेक्षा ठेवतात, जाणून घेऊया.

जपानला शिकायला जाणाऱ्यांपुढे राहण्याचे प्रामुख्याने तीन पर्याय असतात : वसतिगृह, भाड्याची खोली किंवा एखाद्या जपानी कुटुंबाचे घर. २०३३ पर्यंत परदेशी विद्यार्थ्यांची संख्या ४ लाखांवर नेण्याचे जपान सरकारचे उद्दिष्ट आहे. निघण्यापूर्वी विद्यार्थी फी, व्हिसा, जेवण या सगळ्याची चौकशी करतात. वर्ग सुटल्यानंतरच्या वेळेचा विचार मात्र बहुतेकदा तिथे पोहोचल्यावरच होतो.

हे घर ‘पीजी’पेक्षा वेगळे कसे?

पुण्या-मुंबईत पीजी म्हणून राहणारा विद्यार्थी भाडे देतो, चावी घेतो आणि त्याचे येणे-जाणे त्याचे असते. होस्ट फॅमिलीकडे तसे नसते. विद्यापीठे, भाषाशाळा आणि आदानप्रदान संस्था ही कुटुंबे शोधतात. काही ठिकाणी विद्यार्थ्याच्या खर्चापोटी कुटुंबाला रक्कम मिळते. एएफएससारख्या शालेय आदानप्रदान कार्यक्रमात कुटुंबे स्वेच्छेने, मोबदला न घेता विद्यार्थी ठेवतात. त्यामुळे त्याने भाडेकरूसारखे नाही, तर घरातल्या मुलासारखे वागावे अशी अपेक्षा असते. बाहेर पडताना ‘इत्तेकिमास’ (जाऊन येतो) आणि आल्यावर ‘तादाइमा’ (आलो) म्हणणे हा त्याचाच भाग.

संध्याकाळचे वेळापत्रक कोण ठरवते?

अनेक घरांत ‘मोनगेन’ म्हणजे घरी परतण्याची वेळ ठरलेली असते. तिच्याइतकाच महत्त्वाचा दुसरा नियम म्हणजे जेवायला येणार नसाल तर आधी कळवा. जपानी घरात जेवण बऱ्याचदा माणशी वाढून ठेवले जाते. माशाचे पाच तुकडे पाच जणांचे असतात. ऐन वेळी ‘बाहेर खाल्ले’ असा मेसेज आला, तर एक ताट तसेच राहते.

आंघोळीचेही तसेच. अंग बाहेर धुऊन मग गरम पाण्याच्या टबात बसायचे आणि तेच पाणी घरातल्या सगळ्यांनी एकामागून एक वापरायचे, ही तिथली पद्धत. टब वापरून झाल्यावर पाणी सोडून द्यायचे नसते. एक जण रात्री ११ ला आला की पाणी त्याच्यासाठी पुन्हा तापवावे लागते. आपला उशीर म्हणजे दुसऱ्याचे काम, हे गणित लवकर समजलेले बरे.

जेवणाच्या टेबलावर भाषा कशी सुधारते?

महाराष्ट्रातून जाणारे बरेच विद्यार्थी जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा देऊन जातात. पुणे आणि मुंबईतही तिची केंद्रे असतात. एन ५ ते एन १ अशा पाच पातळ्यांच्या या परीक्षेत वाचन आणि श्रवण तपासले जाते. बोलण्याची चाचणी नसते. त्यामुळे हातात प्रमाणपत्र आहे, पण ‘आज दिवस कसा गेला?’ याचे उत्तर देताना तोंडातून शब्द फुटत नाही, असे होऊ शकते.

शिवाय पुस्तकात आधी शिकवले जाते ते ‘देस-मास’ वळणाचे आदरार्थी बोलणे. घरात मात्र छोटी, मोकळी रूपे वापरली जातात आणि ओसाका-क्योतोकडे तर बोलीही बदलते. ‘आपण बसावे’ शिकून आलेल्याच्या कानावर ‘बस ना रे’ पडावे, तसा हा प्रकार. हे कानावर पडते ते जेवताना, टीव्हीसमोर आणि हिवाळ्यात ‘कोतात्सू’ या आतून गरम होणाऱ्या बैठ्या टेबलाभोवती. त्यासाठी वेगळी फी लागत नाही, पण त्या वेळी घरात असावे लागते.

मोकळ्या वेळात नोकरी करता येते का?

येते, पण परवानगी घेऊन. विद्यार्थी व्हिसावर काम करण्यासाठी इमिग्रेशन विभागाची स्वतंत्र परवानगी लागते. ती असल्यास आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येते. शिक्षणसंस्थेच्या अधिकृत दीर्घ सुट्टीत दिवसाला ८ तासांची मुभा असते. दोन ठिकाणी काम केले तरी मर्यादा एकत्रितच मोजली जाते. पाचिन्को पार्लर, होस्टेस बार अशा ठिकाणी काम करण्यास मनाई आहे. तासांची मर्यादा ओलांडल्यास व्हिसाची मुदतवाढ नाकारली जाऊ शकते. काही आदानप्रदान कार्यक्रमांत तर नोकरीला पूर्ण बंदी असते.

आता आकडेमोड पाहा. रोज संध्याकाळी ५ ते ९ असे सातही दिवस काम केले तर बरोबर २८ तास होतात. नियम पाळला गेला, पण रात्रीचे एकही जेवण घरच्यांसोबत झाले नाही. त्याऐवजी आठवड्यात दोन संध्याकाळी ४-४ तास आणि शनिवार-रविवार दिवसा ८-८ तास काम केले तर २४ तास भरतात आणि पाच रात्री घरी मिळतात. कमाईत फरक फक्त ४ तासांचा. शैक्षणिक कर्ज काढून गेलेल्यांसाठी हे चार तासही महत्त्वाचे असतात. म्हणून हा हिशेब शिफ्ट ठरवण्यापूर्वीच करायला हवा.

क्लब की ‘साकुरु’?

विद्यापीठांत दोन प्रकार असतात. ‘बुकात्सू’ म्हणजे कडक सरावाचा क्लब, जिथे गैरहजेरी खपत नाही. ‘साकुरु’ (सर्कल) त्यामानाने सैल असतो. घर, अभ्यास आणि नोकरी सांभाळणाऱ्याला दुसरा सोयीचा पडतो. सर्कलच्या पार्ट्यांमध्ये एक गोष्ट लक्षात ठेवावी : २०२२ पासून जपानमध्ये सज्ञान होण्याचे वय १८ झाले असले, तरी मद्यपानाची वयोमर्यादा २० वर्षेच आहे. शहरांतही शेवटची ट्रेन साधारण मध्यरात्रीच्या सुमारास असते. ती चुकली की मोनगेनही मोडतो.

सुट्टीत फिरायचे असेल तर?

पर्यटकांसाठीचा ‘जपान रेल पास’ विद्यार्थी व्हिसावर मिळत नाही. त्याऐवजी ‘सेइशुन १८’ हे हंगामी तिकीट उपयोगी पडते. नावात १८ असले तरी वयाची अट नाही. जेआरच्या लोकल गाड्यांनी सलग ३ किंवा ५ दिवस फिरता येते; शिन्कान्सेन मात्र नाही. मान्यताप्राप्त संस्थेचे सवलत प्रमाणपत्र असेल तर जेआरच्या १०० किमीपेक्षा लांबच्या प्रवासभाड्यात २० टक्के सूट मिळते.

ऑगस्टच्या मध्यावर ‘ओबोन’ आणि नववर्ष या काळात जपानी कुटुंबे गावी, आजी-आजोबांकडे जातात. आपल्याकडे गणपतीत कोकणात जावे तसेच. होस्ट फॅमिलीने सोबत चलण्याचे निमंत्रण दिले, तर मित्रांसोबतची सहल पुढे ढकलायला हरकत नाही. सहल नंतरही करता येते.

घरी फोन कधी करावा?

जपान भारतापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. इकडे आई-बाबा रात्री ९ ला व्हिडीओ कॉल करतात, तेव्हा तिकडे साडेबारा वाजलेले असतात. जपानी घरांच्या भिंती पातळ असतात आणि यजमानांना पहाटे उठायचे असते. भारतात रविवारी सकाळी ८ म्हणजे तिथे साडेअकरा. ही वेळ दोन्ही घरांना सोयीची.

मग करायचे काय?

पहिल्याच आठवड्यात यजमानांशी चार गोष्टी बोलून घ्याव्यात : परतण्याची वेळ, जेवणाला नाही म्हणण्याची मुदत, नोकरीचे दिवस आणि सुट्टीचे बेत. थकवा असेल तर ‘आज खोलीत थांबतो’ असे सरळ सांगितलेले चालते. न सांगता दार लावून बसणे खटकते. पैसे नंतरही कमावता येतात. त्या घरातल्या संध्याकाळी मात्र कोर्स संपेपर्यंतच मिळतात.