बंदुकीवरची अक्षरं

आजोळच्या माजघरात खुंटीला एक दुनळी बंदूक टांगलेली असे. तिच्याखाली आम्हा भाचरांना बसू देत नसत. दुपारी मोठी माणसं झोपली की आम्ही पाटावर पाट ठेवून उभे राहायचो आणि तिच्या बाजूच्या पट्टीवरचं कुत्रं बघायचो. एक पाय उचललेलं, नाक वाऱ्याला लावलेलं, पोलादात कोरलेलं कुत्रं. समोर गवतात दडलेला पक्षी. मामा म्हणायचे तितर, आजी म्हणायची कोंबडी. बंदुकीची कथा मात्र घरात एकच होती. आजोबा दक्षिणेतल्या एका लहान संस्थानात कारकून होते. डिसेंबर १९११ मध्ये पंचम जॉर्ज बादशहाचा दिल्लीत दरबार भरला, तेव्हा राजेसाहेबांच्या लवाजम्याबरोबर आजोबाही गेले आणि तिथे एका गोऱ्या साहेबानं खूश होऊन त्यांना ही विलायती बंदूक बक्षीस दिली. साहेब नेमका कशामुळे खूश झाला, ते दर वेळी निराळं असे. त्याला कुणी हरकत घेत नसे.

२०२२ मध्ये मामा गेले. परवाना त्यांच्या नावावर होता. परवानाधारक वारला की हत्यार घरात ठेवता येत नाही. ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं आणि मग वारसांनी आपल्या नावानं अर्ज करायचा किंवा परवाना असलेल्याला ते विकून मोकळं व्हायचं. बंदूक कोल्हापुरातल्या एका विक्रेत्याकडे गेली. तिथे जुन्या हत्यारांचा शौक असलेल्या एका गृहस्थांनी ती पाहिली आणि एरवी आली असती त्याच्या चौपट किंमत सांगितली. कारण दस्त्याच्या खालच्या बाजूला बसवलेल्या चांदीच्या लहानशा लंबगोल टिकलीवर इंग्रजी अक्षरं होती : ‘प्रेझेंट, दिल्ली, १९११’.

इथूनच भांडणाला तोंड फुटलं. थोरला मामेभाऊ म्हणाला, ही अक्षरं तिथे कधीच नव्हती. साठ वर्षं मी ही बंदूक पाहतोय. धाकट्यानं किमतीसाठी ती कोरून घेतली. धाकटा म्हणाला, मी फक्त दंतमंजन लावून टिकली घासली. ती काळीठिक्कर पडली होती. थोरल्यानं ते मानलं नाही. दोघांचं बोलणं बंद झालं. एकाच वाड्यात दोन चुली आधीपासून होत्याच, आता मधलं दारही लागलं. शेवटी मामीनं मला फोन केला. “अरे, तू बँकेत लोकांच्या सह्या तपासायचास ना? मग ये आणि हे एकदा बघून जा. माझ्या डोळ्यांदेखत पोरं वैरी होऊ देऊ नकोस.”

सह्या तपासणं आणि बंदुकीवरचं कोरीवकाम तपासणं यांत काय संबंध, असं मलाही वाटलं होतं. पण २०२३ च्या उन्हाळ्यात कोल्हापूरला जाण्याआधी दोन महिने पुस्तकं उलथीपालथी केली, तेव्हा लक्षात आलं की काम एकाच जातीचं आहे. बँकेत नमुना सहीचं कार्ड समोर ठेवून चेक पाहताना आम्ही अक्षराचा आकार शेवटी पाहायचो. खोटी सही करणारा आकार बरोबर काढतोच. तो फसतो वेगात. खरी सही माणूस लिहितो, खोटी सही तो काढतो. जिथे हात थबकतो तिथे शाई साचते.

पोलादावर शाई नसते, पण थबकलेला हात तिथेही दिसतो. जुन्या चांगल्या बंदुकांवरची वेलबुट्टी हातानं कोरलेली असे. कोरणीचं टोक तिरकस घासलेलं असतं, त्यामुळे रेषेचा तळ इंग्रजी ‘व्ही’सारखा निमुळता होतो आणि दोन्ही उतार चकाकतात. तेजाबानं खाल्लेली रेषा तळाशी सपाट आणि खरबरीत असते. यंत्रानं काढलेली रेषा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच जाडीची, कंटाळवाणी. आणखी एक खूण मला फार आवडली. चांगला कारागीर स्क्रूच्या डोक्यावरूनही वेल पुढे नेतो आणि स्क्रू पुरता आवळला की त्याची खाच नळीच्या रेषेत येते. वेल स्क्रूपाशी तुटली असेल तर तो स्क्रू नंतर कधीतरी बदललेला आहे, असं खुशाल समजावं.

सर्वांत पक्का पुरावा भट्टीचा. कोरीवकाम झाल्यावर ते भाग हाडांच्या कोळशात पुरून तापवतात आणि पाण्यात विझवतात. त्यानं पोलादाचा वरचा थर कठीण होतो आणि त्यावर निळे, करडे, तपकिरी असे ढगासारखे रंग उमटतात. एकदा ही भट्टी झाली की साधी कोरणी त्यावर घसरते. मागाहून कुणाला नक्षी वाढवायची असेल तर पोलाद पुन्हा तापवून मऊ करावं लागतं आणि त्यात ते रंग जातात. म्हणून बंदुकीच्या आडोशाच्या कोपऱ्यांत मूळ रंग शिल्लक असतील तर तिथली नक्षीही बहुधा मूळचीच असते.

कोल्हापुरात विक्रेत्यानं बंदूक टेबलावर ठेवली, नळ्या उघडून रिकाम्या असल्याचं दाखवलं आणि मला खुर्ची दिली. पन्नासेक वर्षांनी मी ते कुत्रं जवळून पाहत होतो. भिंग लावलं. कुत्र्याच्या पाठीवरचे केस बारीक, एका दमात ओढलेले. रेषेचा तळ निमुळता. घोड्यांच्या सावलीतल्या खाचेत निळसर ढग अजून होते. कुत्रं अस्सल होतं. पक्ष्याला मात्र तुरा होता, म्हणजे आजीचं अगदीच चुकलं नव्हतं.

मग नळ्यांमधल्या पट्टीवरचं नाव वाचलं : ‘डब्ल्यू. रिचर्ड्‌स’. घरात कायम सांगायचे, वेस्टली रिचर्ड्‌स. बर्मिंगहॅमची वेस्टली रिचर्ड्‌स ही १८१२ पासूनची नामांकित कंपनी. बाहेर घोडे नसलेल्या दुनळीची जी रचना पुढे जगभर चालली, ती १८७५ मध्ये तिथल्याच अँसन आणि डीली यांनी केली. अशा नावाला नक्कलकार चिकटले नाहीत तरच नवल. बेल्जियममध्ये बनलेल्या कितीतरी स्वस्त बंदुकांवर ‘डब्ल्यू. रिचर्ड्‌स’ हे नाव असे. कायद्याच्या कचाट्यातही सापडायचं नाही आणि गिऱ्हाइकाची समजूतही मोडायची नाही. बनावट खात्यांची नावं अशीच असतात. एखादं आद्याक्षर इकडचं तिकडे.

विक्रेत्यानं नळ्या सुट्या केल्या आणि उलट्या धरल्या. इंग्लंडमध्ये चाचणी झालेल्या नळ्यांवर लंडनच्या किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीघराचे शिक्के असतात. ते नव्हते. होता तो लंबगोलात ई, एल, जी ही अक्षरं, खाली चांदणी आणि वर मुकुट असा शिक्का. हा बेल्जियमच्या लिएज शहरातल्या चाचणीघराचा. मुकुट १८९३ पासूनचा. १९२२ पासून तिथे वर्षाचं अक्षरही मारू लागले, ते इथे नव्हतं. म्हणजे बंदूक या दोन सालांच्या मधली. १९११ त्यात बसत होतं, एवढंच. साहेबानं खूश होऊन बेल्जियमची नक्कल बक्षीस द्यावी, हे जरा अवघड वाटलं; पण साहेबांतही चिक्कू असतीलच. लिएजला कमी लेखण्याचं मात्र कारण नाही. ते पिढ्यान्‌पिढ्यांचं बंदूककारांचं शहर, आणि ते कुत्रं ज्यानं कोरलं त्याचा हात कुणाही इंग्रजाच्या तोडीचा होता. नाव तेवढं उसनं.

राहिली चांदीची टिकली. ती मालकाच्या आद्याक्षरांसाठी मूळची कोरीच ठेवलेली असते, त्यामुळे तिच्यावर कधीही कुणीही काही घालू शकतो. घासल्यामुळे तिचा जुनेपणाही गेला होता. मी भिंगातून पुष्कळ वेळ पाहिलं आणि कबूल केलं की मला कळत नाही. बँकेत सोन्याच्या तारणावर कर्ज देताना आम्ही सोनाराला बोलवायचो, अधिकाऱ्यानं आपली अक्कल चालवायची नसे. तेच केलं. महाद्वार रोडच्या बाजूला भांड्यांवर नावं घालणारे एक म्हातारे कारागीर आहेत. धाकटा त्यांना रिक्षातून घेऊन आला. थोरला लांब, दाराशी उभा राहिला.

म्हाताऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि टिकली डोळ्याशी नेली.

“हे आमच्यातल्याचं काम हाय,” ते म्हणाले. “ती वेल हातानं ढकलत नेलीया, सलग. ही अक्षरं छिन्नी-हातोडीची. टक, टक, टक. एकेक ठोका मोजून घ्या. तांब्या-पितळंवर आम्ही असंच घालतो. आणि मालक, ह्याला इंग्रजी येत नव्हतं. चिठ्ठीवर बघून चित्तार काढलाय.”

मग मलाही दिसलं. ‘प्रेझेंट’मधला ‘एन’ उलटा होता, आरशात पाहिल्यासारखा.

थोरला दारातून म्हणाला, “बघा! इथंच कुणाकडून तरी करून घेतलं!”

म्हाताऱ्यांनी खिशातून सुई काढली आणि एका अक्षराच्या खाचेत हलकेच फिरवली. टोकाला तेलकट, काळपट लाल कण आला. तो त्यांनी बोटावर पुसला आणि थोरल्यासमोर धरला. कुंकू. दर वर्षी खंडेनवमीला मामी बंदुकीला हळदकुंकू वाहायची, नंतर मामा तेलाच्या फडक्यानं पुसायचे. तेल आणि कुंकू खाचेच्या तळाशी बसून दगडासारखं झालं होतं. कुत्र्याच्या पायाखालच्या गवतातही तेच. असा थर सहा महिन्यांत बसत नाही.

थोरला काही बोलला नाही. खुर्ची ओढून बसला आणि पाणी मागितलं.

मला मात्र चैन पडेना. म्हाताऱ्यांनी शेवटच्या ओळीखाली बोट ठेवून एक नक्षी दाखवली होती : दोन पानं आणि मध्ये टिंब. ती मी कुठेतरी पाहिली होती. पुण्याला परतल्यावर रात्री फळीवरचा आईचा पितळी डबा खाली काढला. आईच्या लग्नात आजोळहून आलेला. त्यावर तिचं नाव, साल १९५१, आणि खाली दोन पानं, मध्ये टिंब. डबा घेऊन दुसऱ्या आठवड्यात पुन्हा कोल्हापूरला गेलो. म्हाताऱ्यांनी दोन्ही कामं शेजारी ठेवली, आकड्यातल्या नवाच्या शेपटीला देतात तसा वळसा पाहिला आणि मान डोलावली. हात एकच. आमच्या भाषेत, सही जुळली.

म्हणजे अक्षरं १९११ मधली नाहीत. बहुधा १९५१ च्या आसपासची. दक्षिणेतली संस्थानं १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली. आजोबांची कचेरी मोडली, राजेसाहेब गेले, दरबाराचे कपडे ट्रंकेत गेले. लेकीच्या लग्नाची भांडी घेऊन नाव घालायला गेलेल्या साठीच्या माणसानं त्याच दिवशी ती टिकलीही पुढे केली असेल आणि चिठ्ठीवर इंग्रजी अक्षरं लिहून दिली असतील. तो उलटा ‘एन’ त्यांच्या लक्षात आला नसेल का? आजोबांचं इंग्रजी हस्ताक्षर मी पाहिलं आहे, मोत्यासारखं होतं. लक्षात आला असेल, आणि कारागिराला वाईट वाटू नये म्हणून ते गप्प बसले असतील. दिल्लीला ते गेले होते की नाही, हे बंदूक सांगत नाही.

सगळं मामीच्या कानावर घातलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “म्हणजे बाळ्यानं नाही ना केलं?” नाही म्हटल्यावर तिचा प्रश्न संपला.

गिऱ्हाइकाला मी खरं ते कळवलं. त्यांनी आभार मानून माघार घेतली. थोरल्यानं धाकट्याच्या नावानं परवान्यासाठी ना-हरकत लिहून दिली, अर्ज अजून फिरतो आहे. बंदूक विक्रेत्याकडेच आहे. गेल्या खंडेनवमीला मी आजोळी होतो. मामीनं पाट मांडला, कोयता, विळी, अडकित्ता ठेवला आणि खुंटीखालच्या रिकाम्या जागी जमा केल्याची पावती ठेवून तिला हळदकुंकू वाहिलं.