परके मासे आणि दमलेले पाणी

भिवंडीच्या यंत्रमागांचा खडखडाट ज्या कामवारी नदीच्या आसमंतात चालतो, त्या नदीत सांडपाणी मिसळून प्राणवायू घटला, की कोणता मासा जगेल याचा निवाडा पाणीच करू लागते. आणि तो बहुधा परक्याच्या बाजूने लागतो.

मोझांबिकची चिलापी १९५२ साली मत्स्यशेतीसाठी भारतात आली. तिची मादी अंडी व पिले तोंडात सांभाळीत असल्यामुळे गढूळ डबक्यातही तिची वीण निभावते. आमच्या अनेक देशी माशांना मात्र त्यासाठी पावसाळ्याचा नवा लोंढा लागतो.

आफ्रिकी मांगूर तर याहून बेरकी. कल्ल्यांच्या वर असलेल्या, झाडासारख्या फांद्या फुटलेल्या अवयवाने तो थेट हवेतून श्वास घेतो, आणि बेडूक, किडे, इतरांची पिले, यांपैकी काहीही त्यास वर्ज्य नाही. (देशी मांगूरही हवा घेतो, पण देहाने लहान व वाढीस सावकाश, नामसादृश्यामुळे बाजारात दोघांची गल्लत होते ती निराळीच.) केंद्र सरकारने २००० साली त्याच्या पालनास मनाई केली, राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली त्याचा साठा नष्ट करण्याचा हुकूम दिला, परंतु पुरात तळ्याचा बांध ओलांडून ओढ्यात शिरलेल्या माशावर कोणती कचेरी समन्स बजावणार?

तथापि सारा दोष या पाहुण्यांच्या माथी मारणे मला सोयीचे वाटते, न्याय्य नव्हे. कारण स्वच्छ, वाहत्या, प्राणवायूयुक्त पाण्यात हवेतून श्वास घेण्याच्या या कसबाचे मोल पुष्कळच उतरते.